डाळिंबाची साल, तुराट्या, सुताचा वेस्ट: पाण्यातली औषधं काढणारे वनस्पतीजन्य नॅनोपदार्थ

तुराटी

या विषयावर मराठीत जे सापडतं ते सगळं "कचऱ्यातून कांचन" छापाचं. कृती, मापं आणि कुठे फसतं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

प्रदूषकं कुठली, ते आधी. डायक्लोफेनॅक, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, कार्बामाझेपिन ही औषधं, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए आणि पीएफएएस गटातली फ्लोरिनवाली रसायनं. आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात औषधांना मर्यादाच नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणी अहवालात ती दिसणारच नाहीत. युरोपने डायक्लोफेनॅक २०१५ च्या पहिल्या निरीक्षण यादीत घेतलं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन २०१८ च्या. भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत उतरतं आणि सोलापूर उजनीचंच पाणी पितं, एवढं सांगितलं तरी इथल्या माणसाला विषय कळतो.

कच्चा माल जिल्ह्यात पडून आहे. डाळिंबाची साल, तुराट्या, उसाचं चिपाड, पॉवरलूमचा सुताचा वेस्ट. सुरुवात सालीपासून करतो.

साल सावलीत वाळवा, दळा, ६० नंबरच्या चाळणीतून काढा. १० ग्रॅम पूड २०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ७० ते ८० अंशांवर तासभर ठेवा. उकळी नको, टॅनिनं (सालीतली तुरट द्रव्यं) मोडतात. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन १ मधून गाळा. अर्क फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चालतो, मग बुरशी धरते. २.७ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट १०० मिलि पाण्यात विरघळवा, म्हणजे ०.१ मोलर झालं. ढवळत ढवळत त्यात सगळा अर्क १५-२० मिनिटांत थेंबाथेंबाने सोडा. लगेच काळं होतं. पीएच २ च्या आसपास उतरलेला असतो, तो १ मोलर कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) ६ वर आणा. सेंट्रिफ्यूज, दोनदा पाण्याने आणि एकदा इथेनॉलने धुणं, मग ६० अंशांवर वाळवणं. १०० अंशांच्या ओव्हनमध्ये घाई केली की दगडासारख्या गुठळ्या होतात आणि खलात घोटून त्या परत नॅनो होत नाहीत.

बाराबंदी

कृती ठीक आहे, पण जे तयार झालं त्याला "लोहाचे नॅनोकण" म्हणायच्या आधी थांबा. लोहाचा क्षार आणि टॅनिन एकत्र आले की काळंच होतं. जुन्या काळची लिहायची शाई याच रसायनाची होती. तेव्हा रंग काळा झाला हा कण झाल्याचा पुरावा नव्हे.

पॉलिफेनॉलं (टॅनिनं त्यातलीच) फेरिकचं, म्हणजे तीन धनभारांच्या लोहाचं, फेरस, म्हणजे दोन धनभारांचं, सहज करतात, कारण त्या पायरीचं विभव +०.७७ व्होल्ट आहे. फेरसपासून धातुरूप लोहापर्यंत जायला −०.४४ व्होल्ट लागतात, तेवढी ताकद सालीच्या अर्कात नाही. म्हणून "शून्य-संयुजी लोह" (म्हणजे धातुरूप लोह) असा दावा असेल तर एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत, ४४.७ अंशांची रेषा दाखवा, तांब्याच्या क्ष-किरण नळीवर. मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकाला ओढलं जाणारं ऑक्साइड) म्हणायचं असेल तर ३०.१, ३५.५, ४३.१, ५७ आणि ६२.६. सालीच्या मालात बहुतेक वेळा एक पसरट उंचवटा दिसतो, बाकी काही नाही. म्हणजे तो लोह-पॉलिफेनॉलचा अस्फटिकी गोळा आहे.

माल त्यामुळे निकामी ठरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेंटन अभिक्रिया (फेरस लोह पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक बनवतं आणि ते औषध तोडतात) करायची तर तो चांगला, कारण पॉलिफेनॉल फेरिकला परत फेरस करत राहतं. फक्त नाव खरं ठेवा.

शेंगाचटणी

+१. फेंटनचं आलंच आहे तर दोन सापळे सांगतो.

पहिला: काम कण करतोय की त्यातून सुटलेलं लोह? कण पेरॉक्साइडशिवाय पाण्यात अर्धा तास ढवळा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि त्या गाळलेल्या पाण्यात औषध आणि पेरॉक्साइड टाका. औषध तितकंच तुटलं तर तुमचा "कण" म्हणजे लोहाची हळू सुटणारी पुडी. पीएच ३ ला हे हमखास होतं.

दुसरा: सीओडी (पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, डायक्रोमेटने काढतात). उरलेलं पेरॉक्साइड डायक्रोमेट खातं आणि सीओडी फुगवून दाखवतं. मग "औषध तुटलं पण सीओडी वाढला" असली कोडी तयार होतात. पीएच ११ च्या पुढे नेऊन गरम करा, पेरॉक्साइड मरतं. उरलंय का ते पट्टीने तपासा, मगच सीओडी लावा. सल्फाइट टाकून मारायचं तर जास्तीचं सल्फाइटही सीओडीत धरलं जातं.

रंग गेला म्हणजे प्रदूषक गेलं असंही नाही. रेणूचे तुकडे बिनरंगी असतात. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजायची सोय नसेल तर निदान "रंग काढला" एवढंच लिहा.

तुराटी

@बाराबंदी, मान्य. साल फेंटनपुरती ठेवू आणि धरून काढायचं काम बायोचारकडे (हवा न लागू देता तापवून केलेला कोळसा, पुढे नुसतं "चार") देऊ. तुराट्यांची कृती:

२-३ सेंमीचे तुकडे, धुऊन १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं, दळणं. मुशीत काठोकाठ दाबून भरा, झाकण लावा, नायट्रोजन असेल तर उत्तम. मिनिटाला १० अंशांनी ६०० पर्यंत, तिथे दोन तास. उतारा पंचवीस ते पस्तीस टक्के. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत उघडायची नाही. हवा लागली की चार पेटतो आणि राख हातात येते. मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने राख काढा आणि धुण्याच्या पाण्याची वाहकता ५० मायक्रोसीमेन्सच्या खाली येईपर्यंत धुवा. न धुतलेला चार पाण्याचा पीएच ९-१० करतो आणि मग अर्धं औषध पीएचमुळे वेगळं वागतं.

चुंबकाने ओढता यावा म्हणून त्यावर मॅग्नेटाइट. ३ ग्रॅम चारवर १ ग्रॅम मॅग्नेटाइट हवं तर २.३४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि १.२० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). दोन फेरिकला एक फेरस हे प्रमाण पाळायचं. पाणी १०० मिलि, उकळून थंड केलेलं. ६०-७० अंशांवर अमोनिया थेंबाथेंबाने, पीएच १० ते १०.५, मग पाऊण तास ढवळणं. चुंबकाने ओढून धुवा.

कडकभाकरी

हिराकसीबद्दल एक. दुकानातली हिराकस पिवळट-तपकिरी पूड धरलेली असेल तर ती घेऊच नका. ती हवेने फेरिक झालेली असते, २:१ बिघडतं आणि काळ्याऐवजी तांबूस माल मिळतो. चुंबकाकडे नुसता बघतो, जात नाही. फिकट हिरवे, काचेसारखे खडे घ्या. कोरडे खडे, ओलसर नकोत.

फेरिक क्लोराइड चारमध्ये मुरवून थेट भट्टीत घालायची दुसरी रीत आहे, एका पायरीत काम होतं. पण तिच्यात हायड्रोक्लोरिकचा धूर सुटतो आणि भट्टीच्या तारा खातो. धुराला वाट नसेल तर कॉलेजच्या भट्टीवर हा प्रयोग करू नये, पुढच्या बॅचची पोरं शिव्या देतील.

आणि मॅग्नेटाइट एक चतुर्थांश असेल तर धरायची ताकदही तेवढीच कमी धरून चला. लोह औषधासाठी फारसं काही करत नाही, ओढायला हँडल म्हणून आहे.

हुरडाप्रेमी

सिप्रोसाठी करतं की. त्याचा कीटो आणि कार्बॉक्सिल मिळून लोहाला पकडतात. डायक्लोफेनॅकला मात्र खरंच उपयोग नाही.

बाराबंदी

@हुरडाप्रेमी बरोबर. मूळ मुद्दा तोच: आधी प्रदूषक ठरवा, मग पदार्थ.

डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) ४.२ च्या आसपास. आपल्या पाण्याचा पीएच साडेसात-आठ, म्हणजे ते पूर्ण ऋणभारित. तुमचा चार त्या पीएचला ऋणच असतो, मॅग्नेटाइटचा शून्यभार-बिंदूही (ज्या पीएचला पृष्ठभागाचा एकूण भार शून्य) सातच्या आसपास. दोघं एकमेकांना ढकलतात. प्रबंधांत सुंदर आकडे येतात ते पीएच ४-५ ला. सिप्रोचे पीकेए ६.१ आणि ८.७, त्यामुळे सातला एकाच रेणूवर दोन्ही भार. कार्बामाझेपिनला भारच नाही, ते पीएचला जुमानत नाही. चारची खरी परीक्षा घ्यायची तर तेच घ्या. मिथिलीन ब्लू घेऊन पाठ थोपटून घेणं बंद करा, धनभारित रंग कुठल्याही लाकडाच्या भुश्श्यावर बसतो.

शून्यभार-बिंदू काढणं सोपं आहे. ०.०१ मोलर मीठपाणी, ५० मिलिचे नऊ फ्लास्क, पीएच २ ते १०. प्रत्येकात ०.१ ग्रॅम पदार्थ, २४ तास हलवणं. पीएच जिथे बदलत नाही तो बिंदू.

मोजपट्टी

मोजण्याबद्दल कुणी बोललं नाही. डायक्लोफेनॅक यूव्हीत २७६ नॅनोमीटरला दिसतं, सिप्रो २७५ च्या आसपास, आणि डाळिंबाच्या सालीतून सुटणारी पॉलिफेनॉलंसुद्धा २७०-२८० मध्येच. म्हणजे पदार्थ औषध धरत असताना स्वतःचा अर्क सोडतो आणि तुम्हाला वाटतं औषध शिल्लक आहे. काहीजण उलट करतात: कोऱ्या नमुन्याचं वाचन जास्त निघालं की ते वजा करतात आणि ९९ टक्के काढल्याचं जाहीर करतात.

तीन कोरे नमुने लावा. औषध आहे पण पदार्थ नाही. पदार्थ आहे पण औषध नाही. आणि औषधाचं पाणी नुसतं सिरिंज फिल्टरमधून काढलेलं. नायलॉनचा फिल्टर बरीच औषधं स्वतःच धरून ठेवतो, पीव्हीडीएफ किंवा हायड्रोफिलिक पीटीएफई घ्या आणि पहिले २-३ मिलि टाकून द्या. साल वापरली असेल तर साधं यूव्ही सोडाच, एचपीएलसी (मिश्रणातले घटक आधी वेगळे करून मोजणारं यंत्र) लागेल. साधं यूव्ही लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅमच्या खाली आंधळं असतं, नदीतली औषधं नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅममध्ये असतात. त्याला एलसी-एमएसच (वेगळे केलेले रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र).

शेंगाचटणी

त्या शेवटच्या वाक्यावर एक हिशेब करून दाखवतो.

१०० मिलि पाणी, औषध २० मिग्रॅ प्रति लिटर, पदार्थ ५० मिग्रॅ. शिल्लक ४ मिग्रॅ प्रति लिटर. धरलेलं = (२० − ४) × ०.१ ÷ ०.०५ = ३२ मिग्रॅ प्रति ग्रॅम. हा आकडा सारांशात जातो. मग कुणीतरी म्हणतो, १००० लिटर पाण्यात १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर औषध म्हणजे सगळं मिळून १ मिग्रॅ, त्याला ०.०३ ग्रॅम पदार्थ पुरे!

पुरत नाही. धरायची ताकद पाण्यात किती उरलंय त्यावर ठरते. पाण्यातली तीव्रता आणि धरलेलं औषध यांना जोडणाऱ्या फ्रॉइंडलिखच्या सूत्रातला घातांक ०.५ धरा. ४ मिग्रॅवरून ०.१ मायक्रोग्रॅमवर आलात म्हणजे ४० हजार पट खाली, वर्गमूळ २००. ३२ भागिले २०० = ०.१६ मिग्रॅ प्रति ग्रॅम. ०.९ मिग्रॅ काढायचं तर ५.६ ग्रॅम. सुमारे १८० पट फरक! आणि हेही स्वच्छ पाण्यात. धरणाच्या पाण्यात शेवाळाचं-पालापाचोळ्याचं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य मिग्रॅमध्ये असतं, ते आधी जागा अडवतं. स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या सांडपाणी केंद्रांत पूड कार्बन लिटरला १०-२० मिग्रॅ टाकतात, तो आकडा असा हिशेबातच बसतो.

म्हणून समतोल-वक्र (पाण्यात किती उरलं आणि पदार्थाने किती धरलं याचा आलेख) काढताना सुरुवातीची तीव्रता शेवटी १०-५० मायक्रोग्रॅमपर्यंत तरी खाली न्या. वरच्या टोकाचे आकडे कमाल क्षमता दाखवतात, नळाच्या पाण्याचं काही सांगत नाहीत.

कडकभाकरी

आणि डिस्टिल्ड पाण्यात चाचणी करून थांबू नका, इथल्या बोअरचं पाणी जड. प्रयोगशाळेत जड पाणी बनवायची अमेरिकन ईपीएची ठरलेली कृती आहे: लिटरला सोडियम बायकार्बोनेट १९२ मिग्रॅ, जिप्सम १२०, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट १२०, पोटॅशियम क्लोराइड ८. रात्रभर हवा सोडा, जिप्सम विरघळायला वेळ घेतं. कठीणता १६० ते १८०, पीएच ७.६ ते ८. त्यात ५ मिग्रॅ ह्युमिक आम्ल (कुजलेल्या पालापाचोळ्यातलं सेंद्रिय द्रव्य) टाका. डिस्टिल्डमध्ये ९५ टक्के दाखवणारा पदार्थ इथे किती टिकतो ते बघा.

सिप्रो कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडी करतं, फेंटन आणि झिंक ऑक्साइडवाल्यांचे (उजेडाच्या जोरावर औषध तोडणाऱ्यांचे) हायड्रॉक्सिल मूलक बायकार्बोनेट खातं. झिंक ऑक्साइडला आणखी एक रड आहे, पीएच ६ च्या खाली तो विरघळायलाच लागतो.

रंगखाता

मी डाय-हाउसच्या बाजूने लिहितो. डायक्लोफेनॅक, पीएफएएस, रिअॅक्टिव्ह रंग हे सगळे ऋणभारित, तर धनभारित सूतच का वापरत नाही? कॉटन कॅटायनाइझ करणं, म्हणजे त्यावर धनभार बसवणं, आमच्याकडे नवं नाही आणि टॉवेल-चादरीचा वेस्ट ढिगाने मिळतो.

कृती अशी. वेस्ट निवडून घ्या, पॉलिस्टर मिसळलेला नको. काडी लावून बघा, वितळून मणी झाला तर बाजूला काढा. खळ काढायला डिसाइझिंग, मग लिटरला १० ग्रॅम कॉस्टिक आणि १ ग्रॅम साबण घालून तासभर उकळ. ही पायरी चुकवली तर खळच धनभार बसवणारा एजंट खाते. मग सीएचपीटीएसी, म्हणजे तोच एजंट, ६५ टक्क्यांचं द्रावण लिटरला १०० ग्रॅम, आणि कॉस्टिक २५ ग्रॅम. मोलचं प्रमाण साधारण १ ला १.८. कॉस्टिक थंडच आणि अगदी शेवटी घाला, कारण त्याक्षणी इपॉक्साइड तयार होऊ लागतं आणि पाण्याशी अभिक्रिया होऊन वायाही जाऊ लागतं. हातमोजे, गॉगल, खेळती हवा, यात तडजोड नाही. सूत भिजवा, पिळून वजनाइतकंच द्रावण ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून २०-२४ तास ठेवा. धुवा, अॅसिटिक आम्लाने न्यूट्रल करा.

झालं की नाही हे बघायला मीठ न घालता अॅसिड डायच्या ०.१ ग्रॅम प्रति लिटरच्या पाण्यात टाका. साधं सूत पांढरंच राहतं, हे पाणी पिऊन टाकतं. गरम अल्कलीत कधी धुऊ नका. माशासारखा वास सुटला तर समजा ट्रायमिथाइल अमीन निघून गेलं आणि धनभार संपला.

तुराटी

@रंगखाता, भारी. पण हे नॅनो कुठे आहे?

रंगखाता

नाहीच. हवंय कशाला? नॅनो म्हणजे पृष्ठभाग जास्त, मान्य. पण पाण्यातून परत काढायचं कसं? सूत हाताने उचलता येतं.

नॅनोच हवं तर त्याच वेस्टपासून सेल्युलोजचे नॅनोस्फटिक होतात. ६४ टक्के सल्फ्युरिक, ग्रॅमला १५-२० मिलि, ४५ अंश, पाऊण तास. मग दहापट बर्फाच्या पाण्यात ओतून थांबवायचं. पाणी आम्लात नाही, आम्ल पाण्यात! वेळ किंवा तापमान वाढलं की तपकिरी पडतं, म्हणजे साखर जळाली. सेंट्रिफ्यूज, डायलिसिस, सोनिकेशन. इतकं करून त्यावर सल्फेट बसतो, म्हणजे पुन्हा ऋणभारच. डायक्लोफेनॅकसाठी पुन्हा कॅटायनाइझ करा. आणि ग्रॅमभर मालाला जितकं आम्ल न्यूट्रल करावं लागतं त्याचं ईटीपीवाल्याला (सांडपाणी प्रक्रिया केंद्रवाल्याला) कोण सांगणार?

बाराबंदी

तुमच्या सुतालाही मर्यादा आहे हो. मोठा भार असलेला सल्फेट त्या जागा आधी घेतो. रिअॅक्टिव्ह डाइंगच्या पाण्यात ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) लिटरला ५० ग्रॅम असेल तर सूत रंग धरतच नाही, कारण त्याच मिठाने तर तुम्ही ते धुऊन परत वापरता.

रंगखाता

अगदी. म्हणून ते मीठवाल्या बाथला नाही, धुण्याच्या शेवटच्या पाण्यांना. सांडपाण्याच्या दोन ओळी वेगळ्या काढाव्या लागतात, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या लहान युनिटांत हीच खरी अडचण, रसायनाची नव्हे. पुन्हा वापरायला ५-१० टक्के मीठपाणी पुरतं. पीएफएएस मात्र नुसत्या मिठाने सुटत नाही, मिठाबरोबर मिथेनॉल लागतं.

कॉलममध्ये (सूत भरलेल्या नळीत) रिकाम्या जागेचा संपर्ककाळ १० मिनिटं धरा. १ लिटर भरणाला तासाला ६ लिटर. सैल भरलं तर पाणी कडेने वाट काढतं, वरून सच्छिद्र चकतीने दाबा.

हुरडाप्रेमी

नॅनो बांधून ठेवायचं तर अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातल्या जेलचे) मणी आहेत ना? २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पूड १ टक्का, सुईतून ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये, म्हणजे डायहायड्रेट लिटरला २९.४ ग्रॅम.

मोजपट्टी

होतात, पण दोन किंमती मोजाव्या लागतात. सुट्या पुडीला अर्धा तास लागत असेल तर मण्याला बारा ते चोवीस तास, कारण औषधाला जेलमधून आत जावं लागतं. चाचणी अर्ध्या तासात संपवलीत तर पदार्थ वाईट ठरेल आणि दोष मण्याचा असेल. दुसरं म्हणजे सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात कॅल्शियम निसटतं, मणी फुगून मऊ पडतात. धुण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड ठेवलं तर जास्त टिकतात. मणी वाळवू नका, आकसले की परत पूर्वीसारखे फुगत नाहीत.

नवीन_सभासद

वाचतोय सगळं. घरच्या पिण्याच्या पाण्यात यातलं काही टाकता येईल का?

कडकभाकरी

नाही. सुटे कण पिण्याच्या पाण्यात नकोतच, आणि सालीच्या मालातून लोह व सेंद्रिय द्रव्य सुटतं, त्यावर जंतू वाढतात. चांदीचे कण घालून "जंतुनाशकही" करणारे दिसतील, आयएस १०५०० मध्ये चांदीला ०.१ मिग्रॅ प्रति लिटरची मर्यादा आहे हे त्यांना विचारा. घरी आरओ असेल तर बहुतेक औषधं त्यात अडतात, आणि कार्बन काडतूस वेळेवर बदला. संपलेलं कार्बन धरलेलं परत सोडतं.

तुराटी

वापरलेल्या मालाचं राहिलं. औषध धरलेला चार उकिरड्यावर टाकला तर पावसाने तेच औषध ओढ्यात. झाकलेल्या मुशीत ४००-५०० अंशांवर तासभर तापवून बहुतेक औषधं मोडतात आणि चार परत वापरता येतो, दर फेरीत थोडी क्षमता जाते. मॅग्नेटाइटवाला चार उघड्यावर इतका तापवू नका, मॅग्नेटाइट तांबडं होतं आणि चुंबक त्याला विचारत नाही. पीएफएएस धरलेला माल या भट्टीत अजिबात नको. तेवढ्या तापमानाला फ्लोरिनचे बंध पुरते तुटत नाहीत, ही रसायनं धुरात जातात. तो घातक कचरा म्हणून वेगळ्या ड्रममध्ये, लेबल लावून.

@रंगखाता, तुमच्या सुतावर ह्युमिक घातलेल्या जड पाण्यात डायक्लोफेनॅक लावून बघायचंय, सुरुवात ५० मायक्रोग्रॅमपासून. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात सल्फेट साधारण किती असतो ते टाका, तेवढाच घालतो.

रंगखाता

युनिटागणिक बदलतो, एक आकडा देऊन उपयोग नाही. ५००, १०००, २००० मिग्रॅ अशा तीन पायऱ्या लावा. सोडियम सल्फेट घ्या, मॅग्नेशियमचा नको, कठीणता बदलेल.